प्रिन्स नसीम खरंच किती मोठा? (अनुभव धागा)

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या 'प्रिन्स' नसीम हमेद या बॉक्सरबद्दल बोलणं निघालं की दोनच गट पडतात. एक गट आकडे पुढे करतो: ३७ लढती, ३६ विजय, त्यांतले ३१ नॉकआउट, डब्ल्यूबीओ या संघटनेचा फेदरवेट किताब पाच वर्षं आणि १५ वेळा राखलेला. दुसरा गट ७ एप्रिल २००१ ही एकच तारीख सांगतो. त्या रात्री लास वेगासला मार्को अँतोनियो बरेराने त्याला बारा फेऱ्या शिकवणी दिली आणि बिबट्याच्या ठिपक्यांची चड्डी, दोरीवरून मारलेली कोलांटी, नाच, बढाया हे सगळं पोकळ होतं असं या गटाला कायमचं पटलं.

दोन्ही गट लढती न बघता भांडतात असं मला वाटतं. म्हणून हा धागा. ज्यांनी त्याच्या लढती आवाज बंद करून, मागेपुढे फिरवून पाहिल्यात, जे मुलांना शिकवतात किंवा कोपऱ्यात बादली घेऊन उभे राहतात, त्यांनी लिहावं. विनंती एकच: कोणती लढत, कोणती फेरी, कोणता ठोसा, त्या वेळी पाय कुठे होता, ते सांगा. स्वतःच्या तरुणपणीच्या गोष्टींसाठी वेगळा धागा काढू. (खाली प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

नव्या वाचकांसाठी एवढंच: जन्म १२ फेब्रुवारी १९७४, आईवडील येमेनचे, उंची जेमतेम पाच फूट चार इंच, डावखुरा. फेदरवेट म्हणजे १२६ पौंड, आपल्या हिशेबाने ५७.१५ किलो. डब्ल्यूबीओ, डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए आणि आयबीएफ या आपापला विश्वकिताब देणाऱ्या चार वेगळ्या संघटना.

पायाखालची रेघ

सगळे नसीमच्या खाली सोडलेल्या हातांवर बोलतात. त्याची विद्या पायांत होती आणि ती शेफील्डच्या विन्कोबँक भागात प्रशिक्षक ब्रेंडन इंगलच्या जिममध्ये तयार झाली. वयाच्या सातव्या वर्षापासून पोरगा तिथे होता, त्यामुळे हात खाली का, याचं उत्तरही तिथेच सापडतं.

इंगलच्या जिममध्ये जमिनीवर रेघा आखलेल्या असत. मुलं त्या रेघांवरून चालायची. एक पाऊल पुढे, एक मागे, वळण, आणि दर थोड्या पावलांनी पुढचा पाय बदलायचा. उजवा हात पुढे असो की डावा, दोन्ही बाजूंनी सारखंच चालता आलं पाहिजे हा नियम. हे कंटाळवाणं काम वर्षानुवर्षं चालायचं. मग रिंगमध्ये सराव, पण डोक्याला मारायला बंदी, फक्त अंगावर ठोसे. त्यामुळे बारा वर्षांचं पोरगंही मुरलेल्या व्यावसायिकाबरोबर त्याच रिंगमध्ये उतरू शकायचं. दुखापत कमी आणि फेऱ्या भरपूर.

आता विचार करा. डोक्यावर ठोसा येणारच नसेल तर हात गालाशी कशाला ठेवायचे? ते कमरेशी येतात, कोपरं बरगड्या झाकतात आणि बचावाचं सगळं ओझं पाय आणि कंबरेवर पडतं. नसीमच्या आधी हेरोल ग्रॅहम याच पद्धतीने तयार झाला होता आणि त्याला गाठणं किती अवघड होतं हे मिडलवेटमधल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. म्हणजे हात खाली ठेवणं हा नसीमने काढलेला माज नव्हे. ती एका घराण्याची गायकी होती.

प्रत्यक्षात ती अशी चालायची. तो उजवा पाय पुढे ठेवून उभा, प्रतिस्पर्ध्याच्या जॅबच्या (पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाच्या) टप्प्यापासून जेमतेम एक वीत बाहेर. समोरचा जॅब टाकतो. नसीम कंबरेतून मागे जातो आणि जॅब चार बोटं कमी पडतो. या क्षणी त्याचं सगळं वजन मागच्या डाव्या पायावर आलेलं असतं, म्हणजे स्प्रिंग दाबली गेलेली असते. मग तो डावा ठोसा सोडतो आणि ठोशाबरोबर डावा पायही उचलून पुढे टाकतो. ठोसा लागो न लागो, पाऊल पडताच तो डावखुऱ्याचा उजवखुरा झालेला असतो आणि उजवा हात मागे, भरलेला, तयार. समोरच्याने गार्ड (बचावासाठी वर धरलेले हात) लावलेला असतो डावखुऱ्यासाठी. त्याच्या कोपरांमधली फट आता नेमकी उजव्या अपरकटच्या (खालून वर येणाऱ्या ठोशाच्या) वाटेवर येते.

८ फेब्रुवारी १९९७, लंडन, टॉम जॉन्सनची आठवी फेरी. लढत संपवणारा उजवा अपरकट पाहताना हातावरची नजर काढून पायावर ठेवा.

घंटा

वरचं सगळं मान्य. पण मागे झुकण्याची जी तऱ्हा वर्णन केलीय तिच्यात एक मोठी गळती होती, तीही लिहायला हवी.

मागे झुकून ठोसा चुकवायचा तर तीन गोष्टी लागतात. मागचा गुडघा वाकलेला, हनुवटी पुढच्या खांद्याआड, मागचा हात गालाशी. आणि झुकून झालं की लगेच एक पाऊल बाजूला, कारण कंबर एकदाच मागे जाते, दुसऱ्यांदा जायला जागाच उरत नाही. नसीम गुडघा वाकवायचा. बाकीच्या दोन गोष्टी तो बहुतेकदा सोडून द्यायचा. हनुवटी वर, हात मांडीशी आणि बऱ्याचदा दोन्ही पाय एका ओळीत. पहिला ठोसा चुकायचा, पण त्याच ओळीत मागून येणारा दुसरा सरळ हनुवटीवर.

८ जून १९९६, न्यूकॅसल. दानिएल अलिसेआ हा काही मोठा बॉक्सर नव्हता, तरी पहिल्या फेरीत त्याने नसीमला कारकिर्दीत पहिल्यांदा खाली बसवलं. नसीमने दुसऱ्या फेरीत त्याला संपवलं आणि सगळ्यांनी तो प्रसंग अपघात मानला. १९ डिसेंबर १९९७ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केव्हिन केलीने तोच अपघात तीन वेळा घडवला. केली स्वतः डावखुरा आणि डब्ल्यूबीसीचा माजी विजेता, त्यामुळे नसीमचे कोन त्याला नवे नव्हते. पहिल्याच फेरीत मागे सरकताना उजवा ठोसा बसला आणि नसीम खाली. चार फेऱ्यांत एकूण सहा वेळा कोणी ना कोणी जमिनीवर होतं, दोघेही तीन-तीन वेळा. चौथ्या फेरीत केली उठला नाही.

या लढतीवरून त्याला कच्चा ठरवणाऱ्यांना मला दुसरी बाजूही दाखवायची आहे. खाली पडल्यावर तो दर वेळी उठला, डोकं शाबूत ठेवून उठला, आणि उठल्यावर पळाला नाही. सगळ्या कारकिर्दीत तो मार खातोय म्हणून पंचांना लढत एकदाही थांबवावी लागली नाही. हनुवटी काचेची असती तर केलीसमोर पहिल्या फेरीतच कारभार आटोपला असता.

ताकदीबद्दल एक शंका नेहमी येते: ठोसा मारताना त्याचे पाय जमिनीवर नसायचे, मग जोर यायचा कुठून? जोर जमिनीतूनच यायचा, फक्त आधी. जमिनीला रेटा देऊन तो अख्खं अंग पुढे फेकायचा आणि ठोसा लागेपर्यंत पाय सुटलेले असायचे. चुकला तर तोल जायचा, तो कितीदा तरी दोरीवर आपटलेला दिसतो. लागला तर सत्तावन्न किलो मुठीमागे. शिवाय मूठ मांडीपासून निघायची, म्हणजे समोरच्याच्या नजरेच्या खालून. जो ठोसा दिसतो त्यासाठी मान घट्ट होते. जो दिसत नाही तो माणसाला झोपवतो.

वहीतले आकडे

त्याने कोणाला हरवलं हा खरा प्रश्न. १५ बचावांपैकी (म्हणजे किताब राखण्याच्या लढतींपैकी) १३ लढती वेळेआधी संपल्या, पण सगळे १५ जण सारख्या तोलाचे नव्हते. सैद लवाल ३५ सेकंदांत गेला, रेमिहियो मोलिना आणि हुआन काब्रेरा दुसऱ्या फेरीत. ही नावं मोठेपणाच्या हिशेबात धरू नयेत. ज्यांना धरायचं ते असे:

स्टीव्ह रॉबिन्सन. ३० सप्टेंबर १९९५, कार्डिफ आर्म्स पार्क, म्हणजे रॉबिन्सनचं स्वतःचं शहर. रॉबिन्सनने १९९३ मध्ये दोन दिवसांच्या निरोपावर रिकामा किताब जिंकला होता आणि मग सात वेळा राखला होता. त्या सातांत कॉलिन मॅकमिलन, पॉल हॉडकिन्सन आणि ड्यूक मॅकेन्झी हे माजी विश्वविजेते होते. त्याचा गार्ड म्हणजे बंद कपाट. एकवीस वर्षांच्या नसीमने ते कपाट आठव्या फेरीत उघडलं. त्याआधी हा मुलगा बँटमवेटचा युरोपीय विजेता होता, मे १९९४ मध्ये व्हिन्चेन्झो बेलकास्त्रोला बारा फेऱ्यांत हरवून. म्हणजे ११८ पौंडांवरून वर येऊन त्याने हे केलं.

टॉम जॉन्सन. आयबीएफचा विजेता, चार वर्षं किताब त्याच्याकडे, ११ बचाव. सुरुवातीच्या फेऱ्यांत त्याने नसीमला हलवलं होतं, तरी आठवीत संपला. कागदावर नसीमचा हा सर्वांत मोठा विजय आहे असं माझं ठाम मत आहे.

विल्फ्रेदो वास्केस. १८ एप्रिल १९९८, मँचेस्टर, सातवी फेरी. तीन वजनांत डब्ल्यूबीएचा विजेता, पण तोवर वय सदतिशीकडे झुकलेलं. विजय मोठा, पण बहर ओसरलेल्या माणसावरचा.

वेन मॅकुला आणि सेसार सोतो. दोन्ही लढती पूर्ण बारा फेऱ्या गेल्या. मॅकुलाची हनुवटी फोडणं कोणालाच सोपं गेलं नाही, त्यामुळे नॉकआउट झाला नाही याचा दोष मी नसीमला देत नाही. सोतोकडून ऑक्टोबर १९९९ मध्ये डेट्रॉइटला त्याने डब्ल्यूबीसीचा पट्टा घेतला, पण ती लढत बघवत नाही. मिठ्या, ढकलाढकली, उचलून आपटणं. पंचांनी गुण कापले.

वुयानी बुंगू. मार्च २००० मध्ये लंडनला, चौथ्या फेरीत एकच सरळ डावा. बुंगूने खालच्या १२२ पौंडांच्या गटात आयबीएफचा किताब १३ वेळा राखला होता. मात्र तो वजन वाढवून आला होता.

आता किताबाचं वजन. डब्ल्यूबीओ ही १९८८ मध्ये सुरू झालेली संघटना. १९९५ साली अमेरिकेत तिचा पट्टा कोणी फारसा मोजत नव्हतं. म्हणून '१५ बचाव' हा आकडा एकटा काही सिद्ध करत नाही. सिद्ध करतं ते हे की त्या पट्ट्याच्या आडून त्याने आयबीएफचा विजेता, डब्ल्यूबीसीचा विजेता आणि डब्ल्यूबीएचा पट्टा सोडून आलेला वास्केस अशा तिघांना हरवलं. त्या काळात दुसऱ्या कुठल्याही फेदरवेटच्या नावावर हे नाही.

आठ औंस

रिंगमध्ये येतानाच्या त्याच्या प्रवेशाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. केलीच्या लढतीआधी तो पडद्यामागे मिनिटंच्या मिनिटं नाचत होता. मॅकुलाच्या वेळी ३१ ऑक्टोबर, म्हणून स्मशानाचा देखावा. बुंगूच्या वेळी उडता गालिचा. हे प्रेक्षकांसाठी होतंच, पण दुसऱ्या माणसाच्या अंगावरही त्याचा परिणाम होतो आणि तो सगळ्या कोपरेवाल्यांना कळतो.

बॉक्सर ड्रेसिंग रूममध्ये पॅडवर घाम काढून येतो. अंग गरम असताना घंटा व्हावी लागते. रिंगमध्ये दहा मिनिटं उभं राहिलं की घाम वाळतो, खांदे आखडतात, पहिली फेरी गारठलेल्या अंगाने खेळावी लागते. उपाय साधा आहे: अंगावर रोब ठेवायचा, पाय चालू ठेवायचे, पाठ प्रवेशद्वाराकडे करायची आणि कोपऱ्यातल्या माणसाने तळहात पुढे धरून हलके ठोसे घेत राहायचे. जे टक लावून तमाशा बघत बसले ते अर्धे तिथेच हरले.

कोलांटीचंही तसंच. वरची दोरी दोन्ही हातांनी धरून पलीकडे उलटणं हे इंगलच्या जिममधल्या रोजच्या कसरतींतलं होतं. सव्वाचार फुटांवरून उलटून दोन्ही पायांवर हलकं उतरता येतं याचा अर्थ त्या दिवशी गुडघे आणि घोटे ठीक आहेत.

साउथपॉ

नसीम नेमका कधी घसरला? माझ्या मते १९९८ च्या शेवटी, म्हणजे बरेराच्या अडीच वर्षं आधी. कारणं तीन आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली.

पहिलं, हात. एवढ्या छोट्या मुठीतून एवढा जोर काढला की हाडं कुरकुरतात, विशेषतः ठोसा कपाळावर किंवा कोपरावर बसला तर. नसीमचे ठोसे अवघड कोनांतून यायचे, त्यामुळे मूठ पूर्ण वळण्याआधीच लागायची आणि धक्का पहिल्या दोन बोटांच्या सांध्यांऐवजी बाहेरच्या बोटांवर जायचा. बँडेजने हा धक्का कमी होतो, नाहीसा होत नाही. ऑगस्ट २००० मध्ये ऑगी सांचेसला चौथ्या फेरीत पाडताना त्याचा हात मोडला. हात दुखत असले की बॉक्सर सरावात बॅगवर कमी मारतो, कमी मारलं की वेळ साधण्याची सवय सुटते, आणि मग तो एकाच मोठ्या ठोशाच्या भरवशावर बसतो. नसीमच्या शेवटच्या लढतींत हे स्पष्ट दिसतं. १९९५ मधला नसीम चार-पाच ठोशांच्या माळा लावायचा, २००० मधला एकेक टाकून थांबतो.

दुसरं, वजन. लढतींमधलं अंतर वाढलं की १२६ वर परतणं महाग पडतं. शेवटचे किलो पाण्याचे असतात. पाणी काढलं की पहिले जातात पाय, आणि ज्याचा बचावच पायांत आहे त्याचं तेच सर्वांत मोठं नुकसान.

तिसरं, कोपरा. मॅकुलानंतर इंगल आणि तो वेगळे झाले. पुढे ऑस्कर सुआरेस आणि इमॅन्युएल स्टुअर्ड आले. स्टुअर्ड फार मोठा गुरू, त्याच्या हाताखाली टॉमी हर्न्स घडला, लेनॉक्स लुईस सुधारला. पण त्याची विद्या लांब हातांच्या, उंच माणसांची: सरळ जॅब, मागून उजवा, पाय घट्ट रोवलेले. पाच फूट चार इंचांच्या, रेघांवर वाढलेल्या मुलाचे पाय रोवले की त्याचं वाकडेपण जातं आणि त्या जागी सरळपण येत नाही. एप्रिल १९९९ मध्ये पॉल इंगलविरुद्ध (ब्रेंडन इंगलशी याचं नातं नाही) पहिल्या फेरीतच त्याने समोरच्याला खाली पाडलं, तरी काम संपवायला अकरावी फेरी उजाडली. १९९६ मध्ये असा माणूस तिसऱ्या फेरीपुढे गेला नसता.

गुणपत्रक

बरेराची लढत मी वेगळी मांडतो, कारण तिच्याबद्दल फार चुकीचं बोललं जातं.

दोघांच्या वयात फक्त २६ दिवसांचा फरक. बरेरा १७ जानेवारी १९७४ चा. तो १२२ पौंडांवरून वर आला होता आणि त्याची ख्याती घुसून मारणाऱ्याची होती. वर्षभर आधी एरिक मोरालेसबरोबर त्याने जी हाणामारी केली ती पाहून सगळ्यांना वाटलं की हा नसीमवर धावून जाणार आणि धावताना डाव्याने पडणार. बरेरा धावलाच नाही.

त्याने केलं ते असं. डावा पाय नसीमच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवायचा आणि स्वतःच्या डावीकडे फिरत राहायचं, म्हणजे नसीमच्या डाव्या मुठीपासून दूर. डावखुऱ्याविरुद्धचा हा पहिला धडा आहे, पण बारा फेऱ्या तो पाळणं कठीण, कारण अंग आपोआप मधे येतं. दुसरं, जॅब डोक्यावर नव्हे, छातीवर आणि खांद्यावर. डोकं मागे जातं, छाती जात नाही. छातीला जॅब लागला की कंबरेतून झुकण्याची लय तुटते. तिसरं, आणि यात खरी करामत: नसीम झुकला की बरेरा पाठलाग करत नव्हता. तो थांबायचा. नसीमला परत सरळ व्हावंच लागायचं आणि डोकं वर येत असताना, हात अजून खाली असताना, डावा हूक (बाजूने वळून येणारा ठोसा) तिथे आधीच पोचलेला असायचा. आधीच्या सगळ्यांनी झुकलेल्या डोक्यावर मारलं. बरेराने परतणाऱ्या डोक्यावर मारलं.

नसीमने उत्तर का नाही शोधलं? पाय बदलून उजवखुरं उभं राहणं, अंगावर मारणं, बरेराच्या डावीकडची वाट अडवणं हे तिन्ही त्याला लहानपणापासून येत होतं. वर लिहिलेल्या हात आणि पायांच्या कारणांनी ते निघालं नाही. तो प्रत्येक फेरीत एकच डावा टाकत राहिला, लांबून, उघड दिसणारा.

आता गुण. दोन पंचांचे ११५-११२, तिसऱ्याचे ११६-१११. बाराव्या फेरीत बरेराने त्याचं डोकं मागून धरून कोपऱ्याच्या गादीवर आपटलं म्हणून रिंगमधल्या पंचाने एक गुण कापला होता. तो गुण परत मिळवून पाहा: ११६-११२ आणि ११७-१११. म्हणजे दोघांनी बरेराला आठ फेऱ्या आणि नसीमला चार दिल्या, तिसऱ्याने नऊ आणि तीन. स्वच्छ पराभव. पण 'एकही फेरी मिळाली नाही' असं सांगणाऱ्यांनी गुणपत्रक पाहिलेलं नाही. तो एकदाही खाली पडला नाही हेही त्यांच्या बोलण्यात येत नाही.

पायाखालची रेघ

'साउथपॉ' यांचं स्टुअर्डबद्दलचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. त्यावरून शिकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण आजही क्लबात आलेलं प्रत्येक तिसरं पोरगं व्हिडिओ बघून हात खाली सोडतं.

नक्कल उलट्या टोकाने सुरू होते म्हणून फसते. हात शेवटी खाली यायचे असतात. आधी जमिनीवर चुन्याने किंवा चिकटपट्टीने खांद्याएवढ्या अंतरावर दोन समांतर रेघा आखा. दोन्ही पाय दोन रेघांवर, कधीच एका रेघेवर नाही. तीन मिनिटं पुढे-मागे, दर चौथ्या पावलाला पुढचा पाय बदलायचा, हात गालाशीच. पाय बदलताना टाचा एकमेकींना घासल्या की चूक: त्या क्षणी कोणी नुसतं ढकललं तरी मूल पडतं. हे दोन-तीन महिने नीट झालं की अंगावरच्या ठोशांचा सराव, डोकं वर्ज्य. झुकायला शिकवायचं ते भिंतीपासून हातभर पुढे उभं करून, पाठ भिंतीकडे. पाठ भिंतीला टेकली म्हणजे गुडघ्याऐवजी कणा मोडतोय.

हौशी स्पर्धेत हात खाली ठेवून खेळणाऱ्याविरुद्ध पंचांचं मतही फिरतं, हे मुलांना आधीच सांगावं. तीन फेऱ्यांत ते परत फिरवायला वेळ मिळत नाही.

वहीतले आकडे

शेवटचा मुद्दा, कोणाच्या पंगतीत बसवायचं. विली पेपचे २२९ विजय, सँडी सॅडलरने त्याच पेपला चारपैकी तीनदा हरवलेलं, युसेबियो पेद्रोसाचे डब्ल्यूबीए किताबाचे १९ बचाव. साल्वादोर सांचेसने तेविसाव्या वर्षी अपघातात जाण्याआधी डॅनी लोपेस, विल्फ्रेदो गोमेस आणि अझुमा नेल्सन यांना हरवलं होतं. या पंगतीत नसीम बसत नाही. सांचेसने बहरात असलेला गोमेस घेतला. नसीमसमोर बहरात असलेला तसा एकच आला, बरेरा.

आणि हुआन मॅन्युएल मार्केस राहूनच गेला. तो डब्ल्यूबीओचा पहिल्या क्रमांकाचा दावेदार म्हणून बराच काळ ताटकळला, लढत झाली नाही, आणि २००० मध्ये नसीमने पट्टा सोडला. मार्केस प्रतिठोशाचा उस्ताद, मागे झुकणाऱ्याला काय होतं हे त्याने पुढे भल्याभल्यांना दाखवलं. ही लढत टळली याची सल नसीमच्या चाहत्यांनाही असायला हवी, मला आहे.

पण पंगतीच्या लगेच मागे कोण, असं विचाराल तर १९९५ ते १९९८ चा नसीम मी बिनदिक्कत बसवेन. २०१५ मध्ये त्याला अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते योग्यच झालं.

घंटा

'वहीतले आकडे' यांनी यादीत मॅन्युएल मेदिना घेतला नाही याचं आश्चर्य वाटलं. नसीमवर मत बनवायचं असेल तर केली आणि बरेरा बाजूला ठेवून ३१ ऑगस्ट १९९६ ची डब्लिनची लढत पाहा.

मेदिना हा उंच, लांब हातांचा, फेरीला ठोशांचा नुसता पाऊस पाडणारा मेक्सिकन. ताकद कमी, पण जॅब थांबतच नाही. अशा माणसासमोर चमक दाखवता येत नाही. नसीमला त्या रात्री सर्दी-तापाने घेरलेलं, पाय जड. पहिल्या काही फेऱ्यांत जॅब सरळ तोंडावर बसतायत, नाच बंद, जीभ बंद. मग हळूहळू तो जॅबच्या खाली जायला लागतो, बाहेरच्या बाजूला पाऊल टाकून अंगावर डावा, पुन्हा अंगावर, आणि मेदिनाचं कोपर खाली आलं की वर. दिखावा एक नाही. नुसतं काम.

हा मेदिना पुढे १९९८ मध्ये आयबीएफचा विजेता झाला, आणि फेब्रुवारी २००३ मध्ये मार्केसकडून मार खाऊनही त्याच जुलैत डब्ल्यूबीओचा पट्टा घेऊन गेला. इतका चिवट माणूस डब्लिनला अकरा फेऱ्या खेळला आणि बाराव्या फेरीच्या घंटेला स्टुलावरून उठला नाही.